लुकलुकणाऱ्या खुणेचा भार

जयपूर शहरातील खातीपुरा या भागात एक लहानसे ई-मित्र केंद्र आहे, अशी कल्पना करावी. महाराष्ट्रातील आपले सरकार सेवा केंद्रासारखेच हे केंद्र. दाखल्यांचे अर्ज, विजेची देयके, कागदपत्रांच्या प्रती अशी कामे घेऊन माणसे सकाळपासून येतात. केंद्रात एक तरुणी संगणकावर काम करते. काही दिवसांपासून तिचा संगणक संथ झाला आहे. अक्षराची कळ दाबावी आणि ते अक्षर पडद्यावर क्षणभराने उमटावे, खिडकी बाजूला सरकवावी तर ती तुटक तुटक सरकावी, असे होऊ लागले आहे. रांग वाढते. रांगेतील लोकांना वाटते की, मुलीला काम येत नाही. मालकाला वाटते की, संगणक जुना झाला, आता नवा घ्यावा लागणार. त्या तरुणीला तर स्वतःच्याच हातांविषयी शंका येऊ लागते.

या तिन्ही समजुती चुकीच्या असू शकतात. दोष माणसाचा नसेल, यंत्राच्या वयाचाही नसेल. तो पडद्यावर चित्र काढण्याच्या पद्धतीत दडलेला असू शकतो. असा दोष कसा निर्माण होतो आणि तो विचारपूर्वक कसा शोधावा, हे समजून घेणे या पाठाचा हेतू आहे.

पडदा कसा रंगवला जातो?

आरंभीच्या काळात संगणकाशी बोलायचे म्हणजे आज्ञा अक्षरांनी लिहाव्या लागत. 9 डिसेंबर 1968 रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे एका जाहीर प्रात्यक्षिकात माऊसचा उपयोग करून दाखविला. 1973 साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या ‘आल्टो’ या संगणकात चित्रमय पडदा होता. 1984 मध्ये ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश आणि 1985 मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज ही प्रणाली बाजारात आली. खिडक्या, चित्रखुणा, याद्या आणि माऊस यांच्या साहाय्याने काम करण्याची ही पद्धत सामान्य माणसाच्या हाती पोहोचली. तिला ‘चित्रमय संवादपटल’ असे म्हणता येईल.

हे संवादपटल दिसायला स्थिर वाटते. पण तसे ते नसते. पडदा असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचा बनलेला असतो. आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असलेल्या पडद्यावर एकूण 20,73,600 ठिपके होतात. एका ठिपक्याच्या रंगासाठी सामान्यतः चार बाइट जागा लागते. म्हणजे एका पूर्ण चित्रासाठी सुमारे 83 लाख बाइट. असा पडदा सर्वसाधारणपणे एका सेकंदात 60 वेळा ताजा होतो. प्रत्येक वेळी संपूर्ण चित्र नव्याने काढायचे ठरविले, तर दर सेकंदाला जवळजवळ 50 कोटी बाइट माहिती हाताळावी लागेल. म्हणून चांगले सॉफ्टवेअर एक साधा नियम पाळते : जेवढे बदलले तेवढेच रंगवायचे. घराची एक खिडकी रंगवायची असताना कोणी सगळ्या भिंतींना रंग देत बसत नाही, तसेच हे आहे. हा नियम जेथे मोडतो, तेथे संथपणाला आरंभ होतो.

दुसरी गोष्ट रांगेची. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कळ दाबल्याची वर्दी घेणे, माऊसची हालचाल टिपणे आणि पडदा रंगवणे ही सारी कामे एकाच कार्यधारेवर सोपविलेली असतात. एकाच कारकुनाने अर्ज घ्यावेत, तपासावेत आणि शिक्काही मारावा, तसा हा प्रकार असतो. शिक्का मारण्यात तो गुंतला की, खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे त्याचे लक्ष नसते. विंडोज प्रणालीत एखाद्या खिडकीने पाच सेकंदांपर्यंत आलेल्या वर्द्या उचलल्या नाहीत, तर प्रणाली तिला ‘नॉट रिस्पाँडिंग’, म्हणजे प्रतिसाद न देणारी, असे ठरवते. त्या वेळी सॉफ्टवेअर बंद पडलेले असतेच असे नाही. ते दुसऱ्या कामात अडकलेले असते.

माणसाला किती विलंब खटकतो, याचाही अभ्यास झालेला आहे. जेकब नील्सन यांनी 1993 साली तीन मर्यादा सांगितल्या. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला, तर तो तात्काळ आल्यासारखा वाटतो. एका सेकंदापर्यंतचा विलंब जाणवतो. पण विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपलीकडे मात्र मन दुसरीकडे वळते. दिवसभर अर्ज भरणाऱ्या व्यक्तीला प्रत्येक अक्षरामागे अर्ध्या सेकंदाचा विलंब का थकवतो, हे यावरून कळते.

लुकलुकणारी खूण

लिहिताना पुढचे अक्षर कोठे उमटेल, हे दाखविणारी एक उभी रेघ पडद्यावर लुकलुकत असते. तिला कर्सर म्हणतात. एवढीशी ही रेघ संगणकाला किती दमवू शकते, याचे एक गाजलेले उदाहरण 2017 सालचे आहे.

मायक्रोसॉफ्टचा ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हा संपादक जगभरातील प्रोग्रॅम लिहिणारे लोक वापरतात. मार्च 2017 मध्ये एका वापरकर्तीने नोंदविले की, हा संपादक नुसता उघडा ठेवला आणि त्यात काहीही लिहिले नाही, तरी प्रोसेसरची सुमारे 13 टक्के शक्ती खर्च होते आणि बॅटरी लवकर संपते. शोध घेतल्यावर कारण सापडले ते लुकलुकणाऱ्या कर्सरचे.

हा संपादक क्रोमियम या ब्राउझरच्या पायावर उभारलेला आहे. कर्सर लुकलुकता ठेवण्यासाठी ब्राउझरमधील तयार चलच्चित्राची सोय वापरली होती. कर्सर अर्ध्या सेकंदाला एकदा दिसतो किंवा लपतो. म्हणजे सेकंदात फक्त दोन बदल. परंतु चलच्चित्र चालू आहे असे समजून ब्राउझर सेकंदात 60 वेळा पडद्याची जुळणी करीत होता. आठ तासांच्या कामाचा हिशेब मांडला, तर आवश्यक बदल 57,600 होतात आणि प्रत्यक्ष खटाटोप मात्र 17,28,000 वेळा होतो. तीस फेऱ्यांतील एकोणतीस फेऱ्या व्यर्थ!

कर्सर न लुकलुकता स्थिर ठेवण्याची सोय त्या संपादकात आधीपासूनच होती. ती वापरताच खर्च उतरला. यावरून निदान पक्के झाले. पुढे चलच्चित्राऐवजी साध्या घड्याळी आज्ञेने अर्ध्या सेकंदाला एकदा रेघ दाखवायची आणि लपवायची, अशी सुधारणा करण्यात आली. वापरणाऱ्याला पडद्यावर पूर्वीसारखीच रेघ दिसत राहिली. तिच्यामागचे कष्ट तेवढे कमी झाले.

प्रगती दाखवणारी पट्टी

दुसरे उदाहरण 2016 च्या जानेवारीतील आहे. ‘एनपीएम’ हे साधन प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना लागणारे तयार भाग उतरवून घेते व योग्य जागी बसविते. काम किती झाले, हे कळावे म्हणून त्यात एक पुढे सरकणारी पट्टी दाखविली जाई. काही वापरकर्त्यांनी पट्टी चालू ठेवून आणि बंद करून वेळ मोजला. पट्टी चालू असताना त्याच कामाला जवळपास दुप्पट वेळ लागत असल्याचे आढळले.

काम लवकर होत आहे, असा दिलासा देण्यासाठी घातलेली पट्टीच कामाला उशीर करीत होती. काम पुढे सरकल्याची प्रत्येक बारीकसारीक वर्दी मिळताच पट्टी नव्याने काढण्याचा उद्योग चाले. माणसाचा डोळा एका सेकंदात काही मोजकेच बदल टिपू शकतो. त्यापेक्षा अधिक वेळा पट्टी रंगविण्याने पाहणाऱ्याला काहीही अधिक कळत नाही. येथेही निदानाची रीत तीच होती : एक गोष्ट बंद करायची, वेळ मोजायचा, पुन्हा सुरू करायची, पुन्हा मोजायचा.

बलवान यंत्र, अडलेला माऊस

यंत्र जुने म्हणून संथ, ही समजूत किती अपुरी आहे, हे तिसऱ्या उदाहरणातून दिसते. गूगल कंपनीत क्रोम ब्राउझरवर काम करणारे अभियंते ब्रूस डॉसन यांच्याकडे 24 गाभ्यांचा प्रोसेसर आणि 64 गिगाबाइट स्मृती असलेला संगणक होता. मोठे सॉफ्टवेअर बांधण्याचे काम सुरू झाले की, त्या संगणकावर माऊसही धड हलेना. आश्चर्य असे की, त्या वेळी प्रोसेसरची बरीच शक्ती रिकामी पडून होती.

डॉसन यांनी विंडोजमधील घडामोडींची क्षणाक्षणाची नोंद घेतली आणि 2017 च्या जुलैमध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. मोठे सॉफ्टवेअर बांधताना हजारो लहान लहान प्रक्रिया सुरू होतात व संपतात. विंडोज 10 मध्ये एखादी प्रक्रिया संपताना चित्रणविभागातील आवराआवर करण्यासाठी एक कुलूप घेतले जात होते. हे कुलूप साऱ्या प्रणालीसाठी एकच होते आणि माऊसची हालचाल टिपण्यासाठीही तेच लागत असे. शेकडो प्रक्रिया एकदम संपू लागल्या की, कुलपासाठी रांग लागे आणि बिचारा माऊस त्या रांगेत अडके. हजार प्रक्रिया निर्माण करून त्या एकाच वेळी संपविणारा एक लहानसा चाचणी-प्रोग्रॅम लिहून डॉसन यांनी हा दोष हवा तेव्हा घडवून दाखविला. जुन्या विंडोज 7 मध्ये ही अडचण तशी दिसत नव्हती.

रुंद रस्त्यावर एकच अरुंद फाटक असेल, तर रस्त्याच्या रुंदीचा उपयोग होत नाही. अशा वेळी आणखी महागडे यंत्र घेणे म्हणजे फाटक तसेच ठेवून रस्ता अधिक रुंद करणे होय.

देवनागरीची मांडणी

मराठीत लिहिणाऱ्यांच्या संगणकावर आणखी एक काम चालते. इंग्रजीत बहुधा कळ दाबली की, ते अक्षर आधीच्या अक्षराशेजारी जाऊन बसते. देवनागरीत एवढ्याने भागत नाही. ‘किल्ला’ लिहिताना इनस्क्रिप्ट कळफलकावर आधी ‘क’ आणि मग वेलांटी दाबावी लागते; पडद्यावर मात्र ती वेलांटी ‘क’च्या आधी उमटली पाहिजे. ‘कीर्ती’ या शब्दातील ‘र’ साठवणीत ‘त’च्या आधी असतो, दिसतो मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, रफाराच्या रूपाने. ‘क्’ आणि ‘ष’ मिळून ‘क्ष’ होतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील भेद तर मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. पहिल्यात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद पडद्यावर नीट दिसावा, यासाठी संगणकाला अक्षरांचा क्रम तपासून योग्य आकार निवडावा लागतो.

हे काम करणाऱ्या भागाला अक्षरजुळणीचे यंत्र म्हणता येईल. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्फबझ’ हे असेच एक मुक्त साधन वापरले जाते. आजच्या संगणकाला ही जुळणी जड नाही. मात्र एक अक्षर बदलताच साऱ्या दस्तऐवजाची जुळणी पुन्हा पहिल्यापासून करणारे सॉफ्टवेअर असेल, तर पानांची संख्या वाढेल तसा संथपणा वाढत जाईल. म्हणून मराठी मजकूर संथ उमटत असेल, तर तो सर्वच सॉफ्टवेअरमध्ये संथ उमटतो की एकाच, हे प्रथम पाहावे. एकाच सॉफ्टवेअरमध्ये तसे होत असेल, तर दोष लिपीचा नसून त्या सॉफ्टवेअरचा असतो.

दोष शोधण्याची रीत

वरील उदाहरणांतून एक रीत हाती लागते. तिच्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. लागतो तो थोडा धीर आणि एक वही.

पहिली पायरी तक्रार नेमक्या शब्दांत मांडण्याची. ‘संगणक संथ आहे’ हे वाक्य अपुरे आहे. कोणते सॉफ्टवेअर संथ आहे, टंकन करताना की खिडकी सरकवताना, केव्हापासून आणि त्याच्या आदल्या दिवशी संगणकात काय बदलले होते, या प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

दुसरी पायरी मोजण्याची. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की, टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांचा किती टक्के वापर होत आहे, हे तेथे दिसते. स्मृती भरली असेल किंवा डिस्क सतत राबत असेल, तर संथपणाचे कारण बहुधा तेथेच सापडते. तसे नसेल आणि काहीच न करता एखादे सॉफ्टवेअर प्रोसेसरची शक्ती खात असेल, तर पडदा रंगविण्याच्या कामाचा संशय घ्यावा.

तिसरी पायरी वेगळे करून पाहण्याची. खिडकी खालच्या पट्टीत लहान करून ठेवली असता काम वेगाने होते का? खिडक्यांचे चलच्चित्र आणि पारदर्शकता बंद केल्यास फरक पडतो का? लिब्रेऑफिससारख्या काही सॉफ्टवेअरमध्ये ‘सेफ मोड’ असतो. त्यात जादा जोडण्या आणि वैयक्तिक मांडणी बाजूला ठेवून ते सुरू करता येते. लिब्रेऑफिसच्या 2020 मधील 7.0 या आवृत्तीपासून विंडोजवर चित्रणासाठी ‘स्किया’ हे साधन वापरले जाऊ लागले. एखाद्या संगणकाशी त्याचे जुळत नसेल, तर ते बंद करण्याची सोय त्याच्या पर्यायांमध्ये दिलेली आहे. येथे एक पथ्य पाळावे : एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले, तर दोष गेला तरी तो कशाने गेला, हे कळत नाही.

चौथी पायरी ड्रायव्हर तपासण्याची. ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि यंत्रभाग यांच्यामधला दुभाषा. चित्रणाचा भाग कोणत्या ड्रायव्हरवर चालतो, हे डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसते. विंडोज 8 पासून पुढे, योग्य ड्रायव्हर नसला की तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ असे नाव दिसते. हा तात्पुरता दुभाषा आहे. पडदा चालू राहतो. पण चित्रणभागाची शक्ती वापरली जात नाही आणि रंगविण्याचा सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. योग्य ड्रायव्हर संगणक तयार करणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा विंडोजच्या अद्ययावतीकरणातून घ्यावा. ‘संगणक वेगवान करतो’ असे सांगून फुकट मिळणारी अनोळखी साधने टाळावीत. ती बरेचदा नवा आजार घेऊन येतात.

पाचवी पायरी पडताळ्याची. जो बदल केल्याने दोष गेला, तो बदल परत फिरवून पाहावा. दोष पुन्हा आला, तर निदान खरे. न आला, तर तो योगायोग होता आणि शोध पुढे चालू ठेवावा लागतो.

सहावी पायरी नोंदीची. दोष सॉफ्टवेअरमध्येच असेल, तर तो ते तयार करणाऱ्यांना कळवावा. आवृत्ती कोणती, काय केले, काय घडायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले, या चार गोष्टी कळविल्या की, दोष शोधणाऱ्याचे काम सोपे होते. कर्सरची तक्रार झटपट मार्गी लागली, कारण तिच्यात आकडा होता आणि दोष घडवून पाहण्याची रीत होती.

हे सारे करण्यापूर्वी महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत दुसऱ्या ठिकाणी अवश्य ठेवावी.

समारोप

आता खातीपुऱ्यातील त्या कल्पित केंद्राकडे पुन्हा वळता येईल. त्या तरुणीने वहीत पहिलेच वाक्य लिहिले : ‘विंडोज पुन्हा भरून घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्रास.’ खिडकी सरकवताना प्रोसेसरचा आकडा उसळतो, स्मृती मात्र अर्धी रिकामी आहे, ही दुसरी नोंद. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो तात्पुरता दुभाषा दिसला, ही तिसरी. योग्य ड्रायव्हर बसविल्यावर अक्षरे बोटांबरोबर उमटू लागली. नव्या संगणकाचा खर्च वाचला आणि रांगही ओसरली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, आपल्याला काम येत नाही, ही तिच्या मनातील रुखरुख गेली.

प्रत्येक वेळी उत्तर इतके सरळ मिळेलच असे नाही. कधी स्मृती वाढवावी लागते, कधी यंत्र खरोखरच निकामी झालेले असते. परंतु तो निर्णय तपासाअंती घ्यावा. यंत्रापुढे बसलेल्या माणसाने स्वतःला दोष देण्यापूर्वी किंवा पैसे खर्च करण्यापूर्वी पाहावे, मोजावे, एकेक गोष्ट वेगळी करावी आणि पडताळा घ्यावा. ही सवय संगणकापुरतीच उपयोगी नाही. पंप, शिलाई यंत्र किंवा घरातील वीज बिघडली, तरी शोधाची वाट हीच असते.

शब्दार्थ

संवादपटल – माणूस व संगणक यांच्यातील देवाणघेवाण जेथे होते तो दर्शनी भाग
कार्यधारा – संगणकात एकापाठोपाठ एक पार पडणाऱ्या कामांचा प्रवाह
चलच्चित्र – हलते चित्र
निदान – दोषाचे नेमके कारण ओळखणे
पडताळा – खरेखोटेपणाची खात्री
रुखरुख – मनाला लागून राहिलेली बोच

स्वाध्याय

1. ‘जेवढे बदलले तेवढेच रंगवायचे’ हा नियम कर्सरच्या उदाहरणात कसा मोडला गेला, ते स्पष्ट करा.
2. बलवान संगणकावरही माऊस का अडत होता? अरुंद फाटकाच्या दृष्टान्ताच्या आधारे लिहा.
3. एका वेळी एकच बदल का करावा? सकारण सांगा.
4. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांसारख्या शब्दांची आणखी एक जोडी शोधून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
5. तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या बिघडलेल्या वस्तूचा दोष कसा शोधाल, ते या पाठातील पायऱ्यांनुसार लिहा.